‘कधी मशीनवर उभे राहिलात का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘रंधा मशीनवर लाकूड खराब का निघतं’ या, फिरत्या पात्यांनी फळी तासणाऱ्या यंत्राबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली. ते मूळचे चाळीसगावचे, सध्या पुण्यात असतात आणि हौसेने फर्निचर करतात, असं त्यांनीच लिहिलंय. प्रतिक्रिया छोटी आहे, म्हणून जशीच्या तशी देतो: ‘लेखभर धार, धार आणि धार! निम्मे दोष ओलाव्याचे आणि लाकडाच्या रेषेचे असतात, पात्याचे नाही. खुणांचा हिशेबही चुकलाय. फळीच्या टोकाला पडणाऱ्या खड्ड्यावर फक्त एक ओळ. लेखक कधी मशीनवर उभे राहिले आहेत का, अशी शंका येते.’

भाऊ, आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. हिशेबात दशांश चिन्ह चुकलं होतं. पाती बसवलेला ड्रम मिनिटाला ५००० फेरे घेतो, त्यावर ३ पाती, म्हणजे १५,००० काप, आणि प्रत्येक कापाची फळीवर एक खूण उरते. फळी मिनिटाला ६ मीटर सरकली तर दोन खुणांमधलं अंतर ०.४ मिलिमीटर येतं. मी ०.०४ लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. मात्र त्याच परिच्छेदात पुढे जे लिहिलं होतं ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. तिघांपैकी एकच पातं केसभर वर राहिलं तर शेवटचा काप त्याचाच उमटतो, अंतर १.२ मिलिमीटर होतं आणि फळी खिडकीकडे तिरपी धरली की लाटा स्पष्ट दिसतात. दशांश चुकला तरी हे चुकत नाही.

आता तुमचं शेवटचं वाक्य. मतभेद असू द्या, माझी ना नाही. पण ‘मशीनवर कधी उभे राहिले आहेत का’ हे मला लागलं, आणि लागलं हे मी लपवणार नाही.

माझं घर सुताराचं. आबा तापीकाठच्या गावात बैलगाड्या आणि तिफणी करायचे. बाभळीच्या लाकडावर हातरंधा चालवून त्यांचे खांदे कायमचे पुढे झुकले होते. १९९४ साली मी कर्ज काढून अमळनेरात पहिलं रंधा मशीन बसवलं. तेव्हापासून दिवसातले सहा-सात तास मी त्याच्यापुढे असतो. माझ्या डाव्या कानाला आता कमी ऐकू येतं. तरी पात्याची धार गेली की मशीनचा आवाज जड होतो, तो मला उजव्या कानाने शेजारच्या खोलीतूनही कळतो. माणूस मशीनवर उभा राहिला की नाही, हे त्याचं लिखाण वाचून ठरवायचं असेल तर निदान ते पूर्ण वाचावं.

आणि मी धारेवर एवढा का अडतो, तेही सांगतो. मशीन घेतल्यावर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत घर पूर्ण करायचं म्हणून एका गिऱ्हाईकाने सागवानी कपाटाची घाई केली होती. एप्रिलचं ऊन, लाकूड कडकडीत वाळलेलं. पल्ले मशीनमधून काढले तेव्हा काचेसारखे गुळगुळीत होते. मीच त्यांच्यावरून तीनतीनदा हात फिरवला. पॉलिश झालं, कपाट गेलं. श्रावणात निरोप आला: पल्ल्यांवर रेघा उठल्यात, हाताला लागतात. जाऊन बघतो तर खरंच, कोयरीसारखी जी नक्षी सागवानात असते ती सगळी उंचसखल झालेली. मी तुमच्यासारखंच म्हणालो, पावसाळी ओलावा. वखारवाल्यालाही बोल लावला. पल्ला घरी आणला, तर आबांनी त्यावर अंगठा आडवा ओढला आणि म्हणाले, “पोऱ्या, हाई लाकूड कापेल नही, दाबेल शे.”

लाकूड कापलं गेलेलं नाही, दाबलं गेलंय, याचा अर्थ मला पुढे नीट उमगला. सागवानाच्या प्रत्येक वलयात एक भाग मऊ आणि सच्छिद्र, दुसरा घट्ट. बोथट पातं मऊ भाग कापत नाही, चेचून खाली दाबतं. त्या दिवशी फळी सपाट दिसते. हवेत दमटपणा आला की दबलेलं लाकूड फुगून वर येतं. ओलावा फक्त ते उघड करतो, नुकसान एप्रिलमध्येच झालेलं असतं. सागवानात सिलिका असते, म्हणून धार आपल्याला वाटतं त्याच्या आधीच जाते. पातं उजेडात धरून बघा. धारेची कड कुठेही चकाकली तर ती बोथट आहे, कारण खऱ्या धारेवर उजेड थांबायला जागाच नसते. ते पल्ले मी माझ्या खर्चाने पुन्हा केले. हे लेखात होतं, भाऊ. तुम्ही ‘धार, धार’ मोजत राहिलात.

रेषेचं, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेचं, म्हणाल तर मी ती कधी नाकारली? फळीच्या कडेवरची रेघ बघा आणि फळी फिरवून घाला, हे पहिल्याच परिच्छेदात आहे. पण कडुनिंब घ्या. त्याचे तंतू एका पट्ट्यात इकडे झुकलेले, शेजारच्या पट्ट्यात तिकडे. कुठल्याही टोकाने घाला, एक पट्टा उचकटणारच. तिथे दिशेचं ज्ञान संपतं. तिथे ताजी धार, पाव सुताचा (जेमतेम पाऊण मिलिमीटरचा) काप आणि हळू चाल एवढंच हातात उरतं. फार हट्टी फळी असेल तर शेवटच्या फेरीआधी ओल्या फडक्याने नुसती पुसून घ्यावी. पात्याच्या सपाट बाजूलाही बारीक उतार घासला तर आणखी फरक पडतो. हौशी माणसाने हे एकदा करून बघावं, मग शंका घ्यावी.

लाकूड खरंच ओलं असेल तर पृष्ठभागावर लव उठते, हे बरोबर. फळी आठवड्याला वजन करा. वजन घटायचं थांबलं की मशीनवर घ्या. यात वाद काय आहे?

टोकाच्या खड्ड्यावर एकच ओळ लिहिली, कारण रंधा मशीनवर त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मागचं टेबल, म्हणजे कापलेली फळी ज्यावर सरकते ते, पात्यांपेक्षा खाली गेलेलं. सरळ पट्टी ठेवा, टेबल पात्यांच्या उंचीला आणा. उगाच पान भरायची मला सवय नाही.

पुण्याहून गावी येणं होत असेल तर अमळनेरला या. चहा माझ्याकडे. येताना तुमची बिघडलेली फळी आणा आणि कृपा करून तिला काचपेपर मारून आणू नका. खुणा आहेत तशा राहू द्या, आपण दोघं ती खिडकीपाशी धरून बघू.