गच्चीवरचा सोलर आणि माझी साक्ष

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन आठवडे एकच वाद पेटलाय: गच्चीवरचा पाण्याचा सोलर दुरुस्त करायचा की भंगारात काढायचा. मी असतो श्टुटगार्टला, पण दोन्ही बाजू साक्षीला मलाच बोलावतात. "जर्मनीत बघा, लोक कसे शिस्तीचे," इति दुरुस्तीवाले. "आधी त्यांना कार्बन कमी करायला सांगा, मग आमचे गीझर मोजा," इति भंगारवाले.

साक्ष द्यायचीच तर खरी देतो. मी कचरा चार डब्यांत वेगळा करतो, प्लास्टिकची बाटली दुकानात परत करून 25 सेंट घेतो, ऑफिसला ट्रामने जातो. ऐकायला छान वाटतं. पण आमच्या 70 चौरस मीटरच्या फ्लॅटला गेल्या वर्षी गॅस लागला साडेनऊ हजार युनिट (किलोवॉट-तास), मुख्यतः घर उबदार ठेवायला. युनिटमागे 200 ग्रॅम धरले तरी दोन टनांच्या जवळ कार्बन डायऑक्साइड. सरासरी भारतीय माणसाचं वर्षभराचं सगळं मिळून साधारण तेवढंच भरतं. जर्मन माणसाचं सात टनांच्या घरात. बाटल्या म्हणजे चिल्लर.

उलट आईकडे बघा. दुधाची पिशवी कापताना ती कोपरा तोडून टाकत नाही, लोंबता ठेवते. पिशवी उलटी करून धुते आणि ओट्यामागच्या टाइल्सना चिकटवते. वाळली की आपोआप खाली पडते. महिन्याचा गठ्ठा कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना. डाळ तासभर आधी भिजत, कुकरमध्ये वरण, भात, बटाटे एकदम. याला ती पर्यावरण म्हणत नाही, सिलिंडर पुरवणं म्हणते. (गेल्या खेपेला मी तिला कपडे वाळवायचं मशीन घेऊन देत होतो. मे महिन्यात. पुण्यात.)

म्हणजे भंगारवाले जिंकले? छे. जर्मनीची निम्म्याहून जास्त वीज आता वारा, ऊन वगैरेतून येते. आपल्याकडे अजून कोळशाचंच राज्य, युनिटमागे साधारण 700 ग्रॅम. त्यामुळे विजेचं एक युनिट माझ्याकडे वाचलं त्यापेक्षा कोथरूडला वाचलं तर जवळपास दुप्पट फरक पडतो. 15 लिटरचा गीझर एकदा तापवला की अर्ध्याहून जास्त युनिट गेलं. चौघांच्या आंघोळी धरा आणि गुणा. शिवाय सोलर चालू असेल तर महापालिका मालमत्ता करात सवलत देते, ती वेगळीच.

आणि खरं सांगू? भांडण कार्बनचं नाहीच. सहाव्या मजल्यावर नळ सोडला की गरम पाणी. दुसऱ्या मजल्यावर ते येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी सोडावं लागतं. ग्रुपवरची नावं आणि मजले ताडून पाहिले: वरचे सगळे दुरुस्तीवाले, खालचे भंगारवाले! पाणी फिरतं ठेवणारी रिटर्न लाइन, छोटा पंप आणि पाइपांना नवं आवरण, एवढ्याने हे सुटतं. प्लंबरने आकडाही दिलाय. त्यावर ग्रुपवर एक मेसेज नाही, जर्मनीवर सत्तर.

आई दुसऱ्या मजल्यावर. तिला फोन करून विचारलं. "गार पाणी कुंड्यांना घालते रे, पण रोज दोन बादल्या पिणाऱ्या कुंड्या कुठून आणू? करू देत दुरुस्त. आपला वाटा तेवढा पाठव."

पाठवला. गणपतीचं तिकीटही काढलंय. जाऊन-येऊन टनभर कार्बन. ते ग्रुपवर अजून सांगितलेलं नाही.