‘कट्’ आवाज झाला म्हणून जुनी दुखापत बरी होत नाही

ठाण्यातल्या कबड्डीवाल्यांच्या ग्रुपवर आणि नवी मुंबईत पाम बीच रोडला पळणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. त्यातला दावा असा: खेळातली जुनी दुखापत वर्षानुवर्षं छळते ती मणके जागचे हलल्यामुळे. कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने झटका देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्याने, ते बसवले की गुडघा, घोटा, खांदा सगळं मुळापासून बरं होतं. ‘कट्’ आवाज हाच पुरावा. ऑपरेशन नको, व्यायाम नको, धोका शून्य. मी मुलींना कबड्डी शिकवते. हे वाचून पालक चालू असलेली फिजिओथेरपी अर्ध्यावर सोडायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी मणके. ही कल्पना 1895 सालची. अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावच्या डी. डी. पामर यांनी मांडलं की बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे. मणका खरोखर सरकतो तेव्हा तो हाताने दाबून परत बसत नाही. आणि एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून ‘ही बघा गादी (दोन मणक्यांमधली चकती) झिजलीय’ म्हटलं की माणूस हबकतो. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन पाहिले तर विशीतल्या 37 टक्के आणि पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यातले हे आकडे आहेत. नुसत्या फिल्मवरून दुखण्याचं कारण ठरत नाही.

आता गुडघा आणि घोटा. आमच्या खेळाचं खरं दुखणं इथेच आहे. बोनस रेषेवर पाय टाकताना घोटा मुरगळतो. सूज आठवड्याभरात उतरते, पोरगी मॅटवर परत येते, आणि महिन्याभरात तोच घोटा पुन्हा मुरगळतो. का? लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, ताणलं गेलेलं असतं, पिंडरीची आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंची ताकद गेलेली असते, आणि पाय वाकडा पडतोय हे वेळेत कळून सावरण्याची सवयही मोडलेली असते. अशा मुलीला डोळे मिटून त्या एका पायावर उभं करा. चवडा सारखा आत-बाहेर हलतो, बोटं मॅटला घट्ट धरतात, आणि काही क्षणांत दुसरा पाय खाली येतो. दुसऱ्या पायावर तीच मुलगी आरामात उभी राहते. हा फरक पाठीचे मणके दाबून कसा भरून निघेल? तो भरतो टाचा उचलण्याने, एका पायावरच्या तोलाने, मग उड्या आणि दिशा बदलून पळण्याने. कंटाळवाणं काम आहे, महिने लागतात, मान्य.

गुडघ्याचं याहून गंभीर. पकड करताना गुडघा पिळवटून एसीएल (गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट) तुटलं असेल तर चालताना फारसं जाणवत नाही, पण वळताना गुडघा सुटतो. तुटलेलं लिगामेंट झटका देऊन सांधत नाही. ऑपरेशन प्रत्येकालाच लागतं असं नाही, पण हाडांच्या डॉक्टरांनी हाताने तपासणं आणि त्यानंतर मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंची ताकद परत मिळवणं, यातून सुटका नाही. एसीएल किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटलेल्यांपैकी सुमारे निम्म्या जणांना दहा ते वीस वर्षांत त्या गुडघ्याचा संधिवात होतो. विशीतल्या खेळाडूने चाळिशीच्या आत म्हातारा गुडघा घेऊन फिरायचं, आणि मेसेज म्हणतो व्यायाम नको!

आवाजाचं थोडक्यात. सांध्यातल्या वंगणात दाब एकदम कमी झाला की वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना हे घडताना कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये एमआरआयवर टिपलं. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे.

‘पण मला खरंच बरं वाटलं,’ असं लोक सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. जुन्या कंबरदुखीवर मणक्यांच्या अशा उपचाराचा थोडाफार उपयोग होतो. 2019 च्या आढाव्यात तो व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांच्या तोडीचा आढळला. उपचारांच्या शिफारशी ठरवणारी ब्रिटनची नाइस ही संस्थाही त्याला जागा देते, पण व्यायामाच्या जोडीनेच. कंबर जखडली असेल, नीट तपासणी झाली असेल आणि व्यायाम चालू असेल तर जरूर जा. फक्त पहिल्याच दिवशी सेशनचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याकडे नको.

राहिला ‘धोका शून्य’. मानेला झटका दिल्यावर क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटते आणि पक्षाघात होतो. क्वचित, पण होतो. हाडं ठिसूळ असतील, मणक्याला फ्रॅक्चर असेल, हातापायातली ताकद कमी होत असेल तर झटका घ्यायचाच नाही. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर थेट हॉस्पिटल गाठायचं. मानेच्या सेशननंतर अचानक तीव्र डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं किंवा बोबडी वळणं यातलं काहीही झालं, तर ‘शरीर जुळवून घेतंय’ हे उत्तर ऐकत बसू नका. त्याच क्षणी 108 ला फोन लावा.