गेगार्दला निदान अर्धा दिवस द्या
आर्मेनियाच्या सहलीवरचा तुमचा लेख मस्तच, तातेव मठाकडे जाणाऱ्या रोपवेचे फोटो बघून परत जावंसं वाटलं (५.७ किमी आहे तो, खाली अख्खी दरी दिसते), पण गेगार्दचा मठ तुम्ही एका ओळीत उरकलात ते काही पटलं नाही. वेरूळ पाहिलेल्या मराठी माणसाने तर तिथे थांबायलाच हवं. १३ व्या शतकात डोंगर पोखरून खांबांसकट दालनं कोरलीत, उजेड फक्त वरच्या झरोक्यातून, एका दालनात तर खडकातूनच झरा वाहतो, आणि आत कोणी गायलं ना की आवाज असा काही घुमतो, अंगावर काटाच येतो!

सिसियान शहराजवळच्या झोरात्स कारेरला तुम्ही प्राचीन वेधशाळा म्हटलंय, गाईडही तेच सांगतात, पण भोकं असलेले ते उभे दगड खरंच त्यासाठी होते का यावर वाद आहे, उत्खननात तिथे ब्रॉंझयुगातल्या कबरी सापडल्यात, तेवढं प्लीज लेखात टाका. शाकी धबधबा तिथून जवळच, फक्त पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात म्हणून वेळ विचारूनच जा. आणि नोरावांकचा मठ संध्याकाळी बघा, मागचे कडे लालभडक होतात.