मावशी, आपण पिवळे आहोत का?

भाचीने हे विचारलं तेव्हा मी आधी तिचे डोळे तपासले, कावीळ तर नाही ना म्हणून. तसं काही नव्हतं. तिला शाळेत ऑलिंपिकवर चार मिनिटं बोलायचं होतं आणि ताईने घरच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड तिला पाठ करायला दिला होता. दर चार वर्षांनी उगवणारा, ‘९९ टक्के लोकांना हे माहीत नाही’ने सुरू होणारा. त्यात लिहिलं होतं: ऑलिंपिकच्या चिन्हातली पाच वर्तुळं म्हणजे पाच खंड, आणि रंग त्या-त्या खंडातल्या लोकांच्या वर्णावरून. आफ्रिका काळा, आशिया पिवळा, अमेरिका लाल. हे चिन्ह तीन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या डेल्फीच्या दगडावर कोरलेलं. मशाल प्राचीन ग्रीसपासून अखंड चालत आलेली. त्या काळी ऑलिंपिक सुरू झालं की सगळी युद्धं थांबायची. मॅरेथॉनही तेव्हाचीच. आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’.

ताईने ते आधीच बारा जणांना पाठवलं होतं.

पाच वर्तुळं म्हणजे पाच खंड, एवढं बरोबर आहे. मान्य करताना जिवावर येतं, पण बरोबर आहे. पुढचं सगळं खोटं, आणि नुसतं खोटं नाही, घाणेरडं. हे चिन्ह ज्याने काढलं त्या पिएर द कुबेर्तँने १९१३ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिक समितीच्या मासिकात रंगांचा खुलासा स्वतः करून ठेवलाय. वर्तुळांचे पाच आणि मागचा पांढरा मिळून सहा रंग. या सहांत तेव्हाच्या सगळ्या देशांच्या झेंड्यांचे रंग येतात, म्हणून हे सहा. तो यादीच देतो. स्वीडनचा निळा-पिवळा, ग्रीसचा निळा-पांढरा, स्पेनचा पिवळा-लाल, फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, बेल्जियम, इटली, हंगेरीचे तिरंगी झेंडे, मग ब्राझील, ऑस्ट्रेलिया, जपान, चीन.

पिवळ्याचं पहिलं उदाहरण स्वीडन! काळा शोधायला त्या यादीत जावं तर तो सापडतो जर्मनी आणि बेल्जियमच्या झेंड्यांवर. आफ्रिकेतल्या एकाही देशाचं नाव तिथे नाही. आणि आदल्याच वर्षी, १९१२ ला स्टॉकहोममध्ये दक्षिण आफ्रिकेकडून मॅरेथॉन जिंकणारा केन मॅकआर्थर हा आयर्लंडमध्ये जन्मलेला गोरा पोलीस होता. वर्णावरून वर्तुळ वाटायचं तर त्याला कुठल्या वर्तुळात उभं करणार होते हे लोक?

दोष सगळा फॉरवर्डवाल्यांचा नाही, हेही कबूल करायला हवं. रंग आणि खंडांची ही जोडी ऑलिंपिक समितीच्याच अधिकृत पुस्तिकेत १९५१ पर्यंत छापून येत होती. कुबेर्तँच्या मनात असं काही असल्याचा पुरावा नाही म्हणून मग ती काढली. म्हणजे ज्यांनी छापलं त्यांनी खोडून सत्तर वर्षं उलटली, आणि आपण मात्र सहावीतल्या मुलीला तिच्या खंडाचा रंग पाठ करायला लावतोय. तिने पाठ केलं, आरशात पाहिलं आणि मला विचारलं. तिच्या जागी वर्गातल्या एखाद्या सावळ्या मुलीला बाकीच्यांनी ‘तू काळ्या वर्तुळातली’ म्हटलं असतं तर? शाळेच्या मधल्या सुट्टीत काय चालतं ते आपण सगळे जाणतो.

दगडाची गोष्ट ऐकून मात्र हसू येतं. दगड खरा आहे, डेल्फीत होता, त्यावर पाच वर्तुळंही होती. ती कोरली १९३६ साली! बर्लिन ऑलिंपिकची मशाल तिथून जाणार म्हणून त्या ऑलिंपिकचा मुख्य संयोजक कार्ल डीम याने समारंभासाठी तो दगड करवून घेतला. समारंभ संपला, दगड तिथेच राहिला. पुढे दोन लेखकांनी तो पाहिला आणि पुरातन समजून पुस्तकात घातला. नाटकातला पुठ्ठ्याचा मुकुट उत्खननात मिळाला म्हणायचं, तशातली गत.

मशालीची दौडही याच डीमची. १९३६ च्या जुलैत ऑलिंपियात, म्हणजे प्राचीन ऑलिंपिक जिथे व्हायचं तिथे, ज्योत पेटवून तीन हजारांहून जास्त धावकांनी ती सात देशांतून बर्लिनला नेली, हिटलरच्या राजवटीने त्याची यथेच्छ जाहिरात केली, आणि मशाली घडवल्या तोफा बनवणाऱ्या क्रुप कंपनीने. वाटेतल्या ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया आणि ग्रीसमध्ये पाच वर्षांच्या आत जर्मन फौजा शिरल्या. मशाल आली तीच वाट, उलट दिशेने. अथेन्समध्ये पूर्वी मशालींच्या शर्यती व्हायच्या आणि ऑलिंपियात देवीपुढे अग्नी तेवत असायचा, हे खरं. पण ज्योत गावोगाव नेण्याचा प्रकार प्राचीन ऑलिंपिकमध्ये नव्हता. आधुनिक ऑलिंपिकमध्येही नुसती ज्योत पहिल्यांदा पेटली ती १९२८ ला, ॲमस्टरडॅममध्ये.

युद्धं थांबायची म्हणे. तह होता, पण तो खेळाडू आणि यात्रेकरूंना सुखरूप ये-जा करता यावी एवढ्यापुरता. लढाया दुसरीकडे चालूच असत. इ.स.पू. ३६४ मध्ये तर खुद्द ऑलिंपियाच्या पवित्र आवारात, स्पर्धा चालू असताना तुंबळ मारामारी झाली.

मॅरेथॉन १८९६ ची, मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघालेली. प्राचीन ऑलिंपिकमधली मूळ धाव एका मैदानाच्या लांबीची, जेमतेम १९२ मीटर.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. ताईचं उत्तर आलं, ‘अगं, पण सगळीकडे तसंच लिहिलंय.’ त्याखाली काकांचा अंगठा. भाचीने मात्र वर्णाचं वाक्य खोडून तिथे स्वीडन लिहिलं आणि विचारलं, ‘दगडाची गोष्ट सांगू का? हसतील सगळे.’ सांग म्हटलं. चार मिनिटांत बसत नाही म्हणून तिने मॅरेथॉन काढून टाकली.