ऊन दिवसाचं, लाईट रात्रीची

काल रात्री सव्वाबाराला आमच्या फीडरची, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या लाईनची, मोटारीला लागणारी थ्री फेज वीज आली आणि वडील टॉर्च घेऊन उठले. अडुसष्ट वर्षांचा माणूस. गुडघे गेलेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी म्हटलं, तुम्ही पडा, मी जातो. तर म्हणे, "तू कायले येतो? तुले सकाळी ड्युटीवर जानं आहे." शेवटी दोघंही गेलो, कारण एकट्याला पाठवून झोप कोणाला लागणार?

केळीच्या बागेत रात्री शिरणं काय असतं ते दिवसा बाग पाहणाऱ्याला कळत नाही. डोक्यावर पानांचं छप्पर, चांदणं असलं तरी खाली काळोख. पायाखाली वाळलेल्या पानांचा थर, ओल्या मातीचा गारवा, आणि त्या गारव्याला साप येतात. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपड्याच्या सातपुड्यालगतच्या पट्ट्यात बिबट्याची भीती वेगळीच. बागेला पाणी सोडायचे चार व्हॉल्व, प्रत्येकी दोन तास. म्हणजे सव्वाबारा, सव्वादोन, सव्वाचार, सव्वासहा. लोक सांगतात, वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो लावा आणि झोपा. अहो, त्या वेळी सगळ्या शिवाराच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं, मोटार नुसती घुरघुरते आणि तिकडे डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडतो. मोटार जळली की रिवाइंडिंगचा खर्च आणि चार दिवस बाग कोरडी. मे महिन्यात चार दिवस केळीला पाणी नाही म्हणजे काय ते इथल्या पोराला विचारा. घड सटकतात. वर्षभर जपलेलं खोड उभं राहतं आणि घड खाली मातीत.

आज दुपारी अडीचला ओट्यावरच्या थर्मामीटरमध्ये पारा ४५ वर होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पत्रा हाताला लागला तर फोड येईल असं ऊन. आणि त्या अख्ख्या दुपारी आमच्या विहिरीवरची मोटार बंद. चार दिवस दिवसाची पाळी, तीन दिवस रात्रीची, आणि दिवसाच्या पाळीतही ट्रिपिंग असतंच.

देशातल्या सर्वांत कडक उन्हाच्या पट्ट्यांपैकी एक असलेल्या खान्देशात, जिथे मार्च ते जून सूर्य डोक्यावरून हलत नाही, तिथे शेतकऱ्याला पाण्यासाठी मध्यरात्री का उठावं लागतं? माझा राग सगळा इथे आहे. बाकी जे लिहितोय ते याच्याच आजूबाजूचं आहे.

दिवसा वीज देण्याची गोष्ट आजची नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली. गावाजवळच्या उपकेंद्राला छोटा सौर प्रकल्प जोडायचा, त्यातून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. २०२३ मध्ये तिचीच दुसरी आवृत्ती निघाली, लक्ष्य १६ हजार मेगावॅट. मी या कल्पनेच्या विरोधात नाही. उलट इतकी सरळ, इतकी आमच्या मातीला शोभणारी कल्पना दुसरी नाही, आणि म्हणूनच जास्त चीड येते. दुपारचं ऊन आणि दुपारची मोटार, मध्ये ना कोळसा, ना शेकडो किलोमीटरच्या तारा. साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. म्हणजे ऊन आहे, तंत्र आहे, अनुभव आहे, सगळं आमच्याच खान्देशात आहे. तरी आमच्या फीडरवर रात्रीची पाळी अजून तशीच. विचारायला गेलं की उत्तर एकच, "काम सुरू आहे." कधी संपेल? टेबलाच्या पलीकडचा माणूस वर बघतही नाही.

आणि जिथे काम होतं तिथे कसं होतं? धुळे जिल्ह्यात शिंदखेडा, साक्रीकडे जाऊन बघा. गायरान आणि माळ कागदावर 'पडीक' लिहिलेले असतात. ज्याने हे लिहिलं त्याने ठेलारी मेंढपाळांना तिथे कळप घेऊन फिरताना कधी पाहिलेलंच नसणार. माळ पडीक नसतो. त्यावर गवत असतं, तितर असतात, चंडोल असतात, लांडगा असतो, पावसाळ्यानंतर चार-पाच महिने शेकडो मेंढ्यांचा चारा असतो. कुंपण पडलं की मेंढपाळाने कुठे जायचं, हा प्रश्न कोणत्या फाइलमध्ये येतो? शाळांच्या छपरांवर, बाजार समित्यांच्या शेडवर, कालव्यांवर, सरकारी गोदामांवर आधी पॅनल लावा ना. ते किचकट आहे, शंभर ठिकाणी जावं लागतं. गायरान एका ठरावात मिळतं.

जमिनीवरून आठवतं, आणि आठवलं की घशात आवंढा येतो. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील. औष्णिक वीज प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली, मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास. न्याय मागत ते वर्षानुवर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला या ऐंशी पार केलेल्या म्हाताऱ्याने मंत्रालयात विष घेतलं, २८ तारखेला ते गेले. मग फेरमूल्यांकन झालं. माणूस गेल्यावर. आणि ज्या कोळशाच्या प्रकल्पासाठी ती जमीन घेतली तो तिथे उभा राहिलाच नाही, पुढे तिथे सौर प्रकल्पाची भाषा सुरू झाली. धोरण बदलायला सरकारला एक कागद लागतो. त्या धोरणाखाली आलेल्या माणसाचं आयुष्य परत कसं बदलणार?

आता कोळशाचं बघा. रात्री शेताच्या बांधावरून, तापीच्या पलीकडे, भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांचे लाल दिवे लुकलुकताना दिसतात. ५०० मेगावॅटचे दोन संच आधीपासून आहेत, आता ६६० मेगावॅटचा नवा उभा राहिला. मी तिथे काम करणाऱ्यांवर रागावलेलो नाही, माझ्या ओळखीतल्या किती घरांची चूल त्यावर चालते. राग आहे तो एका तोंडाने दोन गोष्टी बोलणाऱ्या धोरणावर. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जगाला सांगितलं की भारत २०७० ला नेट झिरो होईल, म्हणजे जेवढा कार्बन सोडेल तेवढाच शोषून घेईल. नंतर २०३१-३२ पर्यंत कोळशाची आणखी किमान ८० हजार मेगावॅट क्षमता वाढवायचं ठरवलं. २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं आणि त्याचा उत्सव झाला. २०२५ मध्ये सांगितलं की निम्मी स्थापित क्षमता आता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून बाकीची, झाली. हे खरं आहे, पण स्थापित क्षमता म्हणजे वीज नव्हे. पॅनल सूर्य असेपर्यंतच चालतं, कोळशाचा संच रात्रभरही जळतो. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. निम्म्याचा आकडा बातमीत येतो, सत्तरचा येत नाही.

आता हे दोन्ही जोडून बघा. माझी मोटार रात्री चालवतात म्हणजे ती कोळशावर चालवतात! दुपारी, सूर्य फुकट ओसंडत असताना, ती बंद ठेवतात. वातावरणाचं नुकसान आणि माझ्या वडिलांची झोपमोड, दोन्ही एकाच वेळापत्रकात बसवलंय. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला जुलै २०२५ पासून दिवसा ९ ते ५ वीज वापरली तर दरात सवलत आहे, कारण त्या वेळी सौर वीज भरपूर असते. मिळू द्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवसा भरपूर असलेली वीज शेताच्या फीडरपर्यंत का पोहोचत नाही?

चिमणीतून काय येतं तेही बोलू. देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. ती कुठेतरी जाते. बंधाऱ्यात जाते, डंपरमधून रस्त्यावर सांडते, वाऱ्याच्या दिवसांत उडते. माझ्या बहिणीचं सासर त्या बाजूला आहे. तिच्या अंगणात सकाळी झाडलेलं दुपारी परत करडं होतं, वाळत घातलेली कापडं झटकून घ्यावी लागतात, तिच्या धाकट्याचा खोकला हिवाळाभर जात नाही. आणि सल्फर डायऑक्साइड डोळ्याला दिसतही नाही. त्यासाठी डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने नियम केला, चिमणीला वायू धुणारी यंत्रणा लावायची, मुदत दोन वर्षं. २०१७ गेलं. मुदत २०२२ वर गेली. मग आणखी पुढे. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना, म्हणजे सुमारे ७८ टक्क्यांना, त्यातून मोकळंच करून टाकलं. सक्ती कोणाला? दिल्लीच्या परिसरात किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्यांना. भुसावळ दहा लाखांचं नाही. म्हणजे छाती मोजायची ती लोकसंख्येवरून? माझ्या भाच्याचं फुप्फुस दिल्लीतल्या पोराच्या फुप्फुसापेक्षा वेगळ्या मातीचं आहे का?

पाण्याचंही तेच. जुन्या केंद्रांना एका मेगावॅट-तासाला साडेतीन हजार लिटर पाणी वापरायची परवानगी आहे. हिशोब करा, ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीने एक तास चालला की साडेसतरा लाख लिटर. एका तासाला! आणि तापीवरचं हतनूर धरण गाळाने भरत चाललंय. उन्हाळ्यात गावागावांत टँकरची वाट बघणारे हंडे रांगेत असतात. सूर्याच्या पॅनलला धुण्यापुरतं पाणी लागतं. या हिशोबाला कोणी का बसत नाही?

सौर पंपाचं थोडं सांगतो, कारण लगेच कोणीतरी म्हणेल, मग सौर पंप घ्या ना. शेजारच्या काकांनी घेतला. दहा टक्के भरायचे, नव्वद टक्के सरकार देणार, योजना कागदावर चांगली. पण अनुदान साडेसात एचपीपर्यंतच, आणि आमच्याकडे बोअरचं पाणी किती खोल गेलंय हे भूजल खात्याच्याच कागदांत आहे. पंप ऊन असतानाही वर पाणी फेकत नाही. वळवाच्या वादळात दोन पॅनल उडून बांधाला लागले, दुरुस्तीसाठी फोन केला तर ठेकेदाराचा माणूस 'उद्या येतो' म्हणतो. तीन महिने झाले. नव्या माणसाने तारेवरची जोडणी मागितली तर त्याला सौरच घे म्हणून सांगतात. नदीकाठच्या वीस फूट पाण्याला आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या बोअरला एकच माप लावायचं, ही कुठली रीत?

आणि मोफत वीज. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल नाही. बिल भरणाऱ्याला हायसं वाटतं, मलाही वाटलं. पण फुकट आहे म्हणून मोटार चालूच ठेवली जाते, आणि रात्री कोण बघणार पाणी कुठे वाहतंय? भूजल आणखी खाली. आम्ही बिल भरायला तयार आहोत. दिवसा द्या, पूर्ण दाबाने द्या.

विम्याची तर वेगळीच जखम. हवामानावर आधारित फळपीक विमा. तापमान ठरलेल्या अंशाच्या वर सलग ठरलेले दिवस राहिलं तरच भरपाई. 'सलग' हा शब्द बघा. मधल्या एका दिवशी महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा अर्ध्या अंशाने खाली आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. केळी अशी मोजत नाही. तिचं पान चौथ्या दिवशी करपलेलं असतं, पाचव्या दिवशीच्या अर्ध्या अंशाने ते हिरवं होत नाही. आणि हे केंद्र माझ्या बागेपासून कितीतरी लांब, कुठल्या तरी इमारतीच्या सावलीत. कोळसा जाळून तापमान वाढवणारं धोरण तेच आणि तापमान पुरेसं वाढलं नाही म्हणून भरपाई नाकारणारंही तेच.

झाडांबद्दल एकच. २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा, २०१९ ला तेहतीस कोटी, असे वृक्षलागवडीचे आकडे या राज्याने सांगितले. त्याच काळात आमच्या महामार्गाच्या चौपदरीकरणात आज्याच्या वयाचे कडुनिंब आडवे झाले. जळगावला जाताना ज्या सावलीत बैलगाड्या थांबायच्या तिथे आता नुसता सिमेंटचा पट्टा, दुपारी दुचाकीवरून गेलं की तोंड भाजतं. त्या तेहतीस कोटींतलं एक झाड मला त्या रस्त्याला दाखवा.

माझी मुलगी सातवीत आहे. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी तिने वहीत चित्र काढलंय, घराच्या छपरावर पॅनल, मागे पवनचक्की, अंगणात झाड. परवा तिने विचारलं, "पप्पा, आपल्याकडे एवढं ऊन आहे तर आबा रात्री का जातात?" मी तिला फीडर, पाळी, उपकेंद्र असं काहीबाही सांगत बसलो. ती ऐकत होती, पण तिला पटलं नाही, आणि मलाही नाही. २०७० उजाडेल तेव्हा तिने पन्नाशी ओलांडलेली असेल.

साडेअकरा झालेत. आजची पाळीही सव्वाबाराचीच आहे. वडील ओट्यावर बसून टॉर्चमधले सेल बदलताहेत.