माणूस नेमका कधीपासून?

गर्भाचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते गर्भधारणेच्या क्षणापासून तो पूर्ण माणूस. दुसऱ्याच्या मते जन्मापर्यंत नुसता पेशींचा गोळा. मला दोन्ही पटत नाही.

आधी पहिला दावा. फलनानंतर नवा जनुकीय संच तयार होतो, हे खरं. पण त्यातून एकच जीव घडेल हे तेव्हा ठरलेलं नसतं. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात. एकसारखी दिसणारी जुळी अशीच होतात. क्वचित उलटंही घडतं, दोन भ्रूण मिसळून एकच मूल जन्माला येतं. मग पहिल्या दिवशी तिथे नेमकं कोण होतं? ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये प्रयोगशाळेतल्या भ्रूणावरच्या संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा सुचवली. त्याच सुमारास भ्रूणावर शरीराचा अक्ष ठरवणारी रेघ उमटते आणि जुळं होण्याची शक्यता जवळपास संपते. शिवाय फलित झालेली पुष्कळ बीजांडं गर्भाशयात रुजतच नाहीत. ती सगळी माणसं असतील तर जगातली सर्वांत मोठी मनुष्यहानी तीच. पण या मताची माणसंसुद्धा त्यासाठी कधी आकांत करताना दिसत नाहीत.

दुसरा तटही हट्टीच. २४ आठवड्यांचं बाळ वेळेआधी जन्मलं तर अतिदक्षता विभागात डॉक्टर जिवाचं रान करतात, आणि त्यातली बरीच जगतात. तेच बाळ पोटात असताना ‘काहीच नाही’ म्हणायचं?

मग कसोटी क्षमतेची लावावी? तत्त्वज्ञ मेरी ॲन वॉरेन यांनी १९७३ मध्ये जाणीव, विचारशक्ती, संवाद, स्वतःचं भान अशा कसोट्या मांडल्या. त्यात तान्हं बाळही नापास होतं, आणि स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातली आजीसुद्धा. ज्या व्याख्येत आजी बसत नाही ती मला नको.

माझ्या मते गर्भाचं नैतिक मोल वाढत जातं. आठव्या आठवड्यात ते असतं, पण अठ्ठाविसाव्याइतकं नाही. यावर रास्त आक्षेप असा, की मग जन्मानंतरही ते वाढत राहायला हवं. पाच वर्षांचं मूल तान्ह्यापेक्षा मोलाचं ठरावं. तसं ठरत नाही, कारण जन्माने बाळाच्या मेंदूत फारसा फरक पडला नाही तरी त्याचं जगणं एकाच शरीरावर अवलंबून राहत नाही. आई नसली तर दुसरं कुणीही त्याला सांभाळू शकतं. तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ मध्ये हाच मुद्दा टोकाला नेला: गर्भाला माणूस मानलं, तरी दुसऱ्याचं शरीर वापरण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. थोडक्यात, ‘तो कोण?’ आणि ‘तिच्याकडून काय मागायचं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक भांडणांत पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा निकालात काढला जातो, आणि जिच्या शरीरात हे सगळं चालू असतं तिला कुणी विचारत नाही.

अर्थात, माझा हा युक्तिवाद तंत्रज्ञानाच्या मर्जीवर उभा आहे. २०१७ मध्ये फिलाडेल्फियात वेळेआधी काढलेली कोकरं द्रवाने भरलेल्या पिशवीत चार आठवड्यांपर्यंत जगवली गेली. उद्या हे मानवी गर्भाला अगदी सुरुवातीपासून जमलं, तर स्त्रीला गर्भापासून सुटका मिळेल आणि गर्भही जगेल. तेव्हा तिचा हक्क फक्त सुटकेपुरता, की आपलं मूल जगात येऊ नये असं ठरवण्याचाही? शरीराचा मुद्दा तिथे कामाला येणार नाही.