‘चिखलात खेळून कुणी कलेक्टर होत नाही’ या मेसेजला उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘चिखलात खेळून कुणी कलेक्टर होत नाही’ असं त्याचं डोकं आणि खाली पाच मुद्दे. मेंदूची वाढ सहाव्या वर्षाआधीच संपते, म्हणून तिसऱ्या वर्षी लिहायला बसवा. हात तेव्हाच वळवला नाही तर अक्षर जन्मभर वाईट राहतं. चार वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत अंक आलेच पाहिजेत. ‘कृतीतून शिक्षण’ हे परदेशी फॅड आहे, चीनची मुलं बघा कुठं पोचली. आणि शेवटचा, बालवाडीवाले नुसतं खेळवायचे पैसे घेतात. लिहिणाऱ्याचं नाव नाही, ‘एका बालमानसतज्ज्ञांचा अनुभव’ एवढंच.

मी बालवाडीत शिकवते. असले मेसेज वाचून सोडून द्यायची सवय आहे. पण माझ्या भाचीनं हा वाचला, सव्वातीन वर्षांच्या पोराला संध्याकाळच्या लेखनाच्या क्लासला घातलं, आणि वर मलाच सांगितलं, “मावशी, तुमच्या बालवाडीत नुसतं खेळवत्यात गं.” म्हणून हे लिहायला बसले.

मेंदूचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करून टाकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये लिहिलंय की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते. ‘संपते’ हा शब्द मेसेजवाल्यानं पदरचा घातला. आणि जिथं त्यानं वाचायचं थांबवलं, तिथूनच पुढं त्या धोरणात या वयात शिकवायचं कसं ते दिलंय: लवचीक पद्धतीनं, खेळातून, कृतीतून, मुलाच्या शोधक वृत्तीतून. यादीसुद्धा आहे. अक्षरं आणि अंक त्यात आहेत, ते मी लपवत नाही. पण ते आहेत घरातल्या आणि मैदानावरच्या खेळांच्या, कोडी, चित्रं, हस्तकला, नाटुकली, बाहुल्या, गाणी यांच्या पंगतीत. 2022 साली तीन ते आठ वयासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही खेळच मध्यभागी. एक परिच्छेद पुढं वाचायचे कष्ट घेतले असते तर हा मेसेज लिहायचं कारणच उरलं नसतं.

आता हाताचा मुद्दा. हा मला सगळ्यात जास्त झोंबलाय, कारण त्यात एक वाक्य असं आहे: ‘पेन्सिल धरता येत नसेल तर रबरबँडनं बोटांना अडकवा. चार दिवस रडेल, मग हात आपोआप वळेल.’ हे वाचून आया ‘उपयुक्त माहिती’ म्हणून पुढं ढकलतायत!

बाळ जन्मतं तेव्हा मनगटातली आठही छोटी हाडं कूर्चेचीच, म्हणजे मऊ आणि एक्स-रेत न दिसणारी असतात. पुढं ती एकेक करून हाड बनत जातात. तिसऱ्या वर्षी एक्स-रे काढला तर त्यातली दोन-तीनच दिसतात, आणि शेवटचं दिसायला आठ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. मुलाचं हाडांचं वय बघायला डॉक्टर हाताचा आणि मनगटाचाच एक्स-रे काढतात ते त्यामुळं. लिहिणं फक्त हाडांवर अवलंबून नसतं हे मलाही कळतं. बोटांचे स्नायू लागतात, खांदा स्थिर लागतो, डोळा आणि हात एकत्र चालावे लागतात. पण यातलं काहीच रबरबँडनं येत नाही.

आणि रेघांचा एक क्रम असतो. मूल तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल बघून गोल काढतं, चौथ्याच्या सुमारास अधिकची खूण, मग चौकोन, आणि त्रिकोण जमायला साधारण पाचवं उजाडतं. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते. आता आपला ‘र’ घ्या. वर वळण, खाली तिरका पाय. ज्याला अजून त्रिकोण निघत नाही त्याच्याकडून ‘र’चं पानच्या पान भरून घेतलं की तो काय करतो ते मी वर्गात बघते. मुठीत पेन्सिल आवळतो, खांदा कानापर्यंत नेतो, कागद फाटेस्तोवर दाबतो. तीच पकड पुढं पक्की होते, आणि ती सुटता सुटत नाही. म्हणजे जन्मभराचं वाईट अक्षर नको म्हणून सांगितलेला उपायच त्या वाटेनं नेतोय.

मग हात तयार होतो कशानं? बेंदराला कुंभाराकडून बैल आणतोच आपण. तशी मळलेली माती चार वर्षांच्या पोराच्या हातात द्या आणि बैल कर म्हणा. पाठीचा गोळा दोन तळव्यांत वळतो, पाय लाटतो, आणि शिंग काढायला अंगठा आणि पुढची दोन बोटं लावून माती चिमटीत ओढतो. पेन्सिल धरायला लागतात ती हीच तीन बोटं. बैल बघितल्यावर तो घोडा वाटला तरी चालतं. घरात शेंगा फोडणं, मटार सोलणं, कपड्यांना चिमटे लावणं, बटण घालणं, याही सगळ्याचा तोच उपयोग. भाचीच्या घरी शेंगांचं पोतं आहे आणि पोरगा क्लासला जातो.

अंकांचं थोडक्यात सांगते. शंभरपर्यंत म्हणणं हे गाणं आहे, पाठ होतं. त्याच मुलाला ‘चार चमचे आण’ म्हणा, मूठभर चमचे येतात. पाच गोट्या जवळजवळ मांडल्या आणि मग त्याच्यासमोरच त्याच पाच लांब पसरल्या, तर चार वर्षांची बहुतेक मुलं लांबलेल्या रांगेत जास्त आहेत म्हणतात. हे पाठांतरानं नव्हे, वस्तू हाताळून, वाटून, मोजून सुटतं. आणि ‘पहिलीच्या प्रवेशाला विचारतात’ ही जी भीती आहे, तर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणंच बेकायदा आहे. पहिल्यांदा केलं तर 25 हजारांपर्यंत दंड, पुढं दर वेळी 50 हजारांपर्यंत.

परदेशी फॅडाच्या मुद्द्याला तर हसूच येतं, कारण त्याच ओळीत चीनचं कौतुक आहे. चीनमध्ये 1 जून 2025 पासून लागू झालेल्या बालशिक्षण कायद्यानं बालवाडीत प्राथमिक शाळेचा अभ्यास शिकवायला मनाई केलीय! आणि फॅड म्हणायचंच तर ते आपल्या घरचं आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढं कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीनं, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांचीच साधनं केली. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 साली ‘सृजन आनंद’ सुरू केली, ती प्राथमिक शाळाही अनुभवातून शिकण्यावरच उभी आहे. मेसेज लिहिणारा कोल्हापूरचा असेल तर जरा लाज वाटायला हवी.

राहिला पैशांचा मुद्दा. इथं मला नाइलाजानं मान हलवावी लागते. पाटीवर ‘माँटेसरी’ लिहायचं, आठवड्याला रेड डे, मँगो डे करायचे, त्यासाठी आईनं रात्री अकरापर्यंत कागद कापत बसायचं, सकाळी मुलानं तो घालून फोटोला उभं राहायचं, आणि वर फी. असल्या ठिकाणी मुलाचा हात कशालाच लागत नाही. ही पद्धत काढणाऱ्या खुद्द माँटेसरीबाईंनी मुलांना खरकागदाची (सँडपेपरची) अक्षरं बोटानं गिरवायला दिली होती, म्हणजे अक्षरं त्यांच्याकडंही होती, पण ती मुलाच्या बोटाखाली. तेव्हा फी भरताना विचारायचं ते ‘लिहायला कधी शिकवणार’ असं नको. मातीचा डबा कुठंय, मुलांना रोज तो मिळतो का, आणि कात्री कोण चालवतं, ते विचारा. आणि भिंतीवरचे आंबे नीट बघा. सगळे एकाच मापाचे, सुबक कडांचे असले तर ते बाईंनी कापलेत.